छतातच बांधलेला सोलर कलेक्टर: कोटेशनवरचे ‘७० टक्के’ खरे किती, ते स्वतः कसं मोजायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण छपरातच बांधलेल्या सोलर कलेक्टरबद्दल बोललो. व्हिडिओ बघता बघता आकडे लिहून घेणं जमत नाही, अशी तुमची तक्रार असते. म्हणून नेहमीप्रमाणे सगळा हिशोब इथे लिहून देतोय. वही-पेन आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. दहावीपर्यंतचं गणित पुरेसं आहे.

आधी ज्या प्रसंगावरून हा विषय निघाला, तो सांगतो.

सातारा जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या ताई माझ्या बॅचला होत्या. लोणंदचा बाजार जवळ. कांदा स्वस्त झाला की विकत घ्यायचा, काप करून वाळवायचा आणि मसालेवाल्यांना, हॉटेलवाल्यांना विकायचा, असा त्यांचा विचार. त्यांच्याकडे एक कोटेशन आलं होतं. शेडच्या दक्षिणेकडच्या उताराचे पत्रे काढायचे. त्या जागी वर काच, मध्ये काळा पत्रा, खाली इन्सुलेशन. काच आणि पत्र्याच्या मधल्या पोकळीतून पंख्याने हवा ओढायची. ती गरम होऊन ड्रायरमध्ये जाणार. क्षेत्रफळ २० चौरस मीटर, म्हणजे साधारण २१५ चौरस फूट. किंमत तीन लाख. खाली ठळक अक्षरात: ‘कार्यक्षमता ७० टक्के. रोज १०० किलो कांदा वाळेल.’

बँकेची फाईल तयार होती. ताई म्हणाल्या, “सर, सही करू का?”

मी म्हणालो, “ताई, सहीच्या आधी मला एक दिवस द्या.”

त्या एका दिवसात आम्ही काय केलं, तेच आजच्या लेखात आहे.

कार्यक्षमता म्हणजे नेमकं काय?

सरळ व्याख्या आहे. कलेक्टरवर जेवढं ऊन पडलं, त्यातली किती उष्णता तुमच्या कामाला आली?

कार्यक्षमता = कामाला आलेली उष्णता ÷ कलेक्टरवर पडलेलं ऊन

दोन्ही गोष्टी आपण ‘युनिट’मध्ये मोजू. लाईट बिलावर असतं तेच युनिट, म्हणजे एक किलोवॅट तास. स्वच्छ दुपारी एका चौरस मीटरवर साधारण ८०० ते १००० वॅट ऊन पडतं. आपल्याकडे कोरड्या, निरभ्र दिवसात दिवसभराचं मिळून चौरस मीटरला साधारण साडेपाच युनिट धरायला हरकत नाही. पावसाळ्यात हा आकडा विसरा.

आधी पाण्यावर हात बसवू

हवेपेक्षा पाण्याचा हिशोब सोपा, म्हणून तिथून सुरुवात करू. समजा तुमच्या लॉजच्या गच्चीत ४ चौरस मीटरचा वॉटर हीटर बसवलाय. सकाळी टाकीत २०० लिटर पाणी २५ अंशांवर होतं. दिवसभर कोणी नळ उघडला नाही. संध्याकाळी पाणी ढवळून मोजलं तर ६० अंश.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.१८६ किलोज्यूल लागतात. म्हणजे:

२०० × ४.१८६ × ३५ = २९,३०२ किलोज्यूल

एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. भागाकार करा: ८.१ युनिट.

ऊन पडलं ४ × ५.५ = २२ युनिट.

८.१ ÷ २२ = ३७ टक्के.

आता तुम्ही म्हणाल, “सर, फक्त ३७? मग हीटर खराब आहे का?” नाही. पाणी ६० अंशांपर्यंत नेणाऱ्या साध्या यंत्रणेचा दिवसभराचा हा आकडा वाईट नाही. कॅटलॉगमधला आकडा वेगळा असतो, कारण तो वेगळ्या परिस्थितीत मोजलेला असतो. ते पुढे येतंच.

हवेचा कलेक्टर: पाच मोजमापं

ताईंचं छप्पर अजून बांधलेलं नव्हतं. मग मोजायचं काय? आम्ही पुरवठादाराला विचारलं, “असंच छप्पर दुसरीकडे कुठे बांधलंय का?” त्याने एका युनिटचा पत्ता दिला. मालक भला माणूस. म्हणाला, “या, मोजा. मलाही कळू दे.” तिथलं छप्परही २० चौरस मीटरचंच होतं. खालचे आकडे तिथलेच आहेत, फक्त तुम्हाला हिशोब पटकन समजावा म्हणून गोल केलेत.

पहिलं मोजमाप: क्षेत्रफळ. टेप घ्या आणि कलेक्टरची पूर्ण लांबी-रुंदी मोजा, चौकटीसकट. इथे पहिली गंमत होते. काही जण नुसत्या काळ्या पत्र्याचं क्षेत्रफळ धरतात. पूर्ण जागा २० आणि काळा पत्रा १८ चौरस मीटर असेल, तर उष्णता तेवढीच असूनही ४५ टक्क्यांचे ५० टक्के दिसतात. पैसे तुम्ही पूर्ण जागेचे देता, मग हिशोबही पूर्ण जागेचाच करा.

दुसरं: ऊन. प्रयोगशाळेत यासाठी महागडं यंत्र असतं. आपण जुगाड करू, पण बरोबर जुगाड. १० वॅटचं छोटं सोलर पॅनल घ्या. त्याच्या मागच्या लेबलवर ‘शॉर्ट सर्किट करंट’ लिहिलेला असतो. तो १००० वॅट उन्हासाठीचा असतो. समजा तो ०.६० अँपिअर आहे. पॅनल छपराच्याच उतारावर, त्याच कोनात ठेवा आणि मल्टीमीटर डीसी अँपिअरवर लावून वाचा. ०.५१ आला तर ०.५१ ÷ ०.६० = ०.८५, म्हणजे ऊन ८५० वॅट. पॅनल जमिनीवर आडवं ठेवून मोजलंत तर आकडा चुकेल, कारण छपराला दिसणारं ऊन वेगळं असतं. आणि हे छोट्या पॅनलपुरतंच करा. मोठ्या पॅनलच्या वायरी अशा जोडायच्या नाहीत.

तिसरं: हवेचा वेग. पंख्यासारखं छोटं अ‍ॅनिमोमीटर मिळतं. गरम हवा जिथून बाहेर पडते, त्या डक्टच्या तोंडाचे मनातल्या मनात नऊ चौकोन पाडा आणि प्रत्येक चौकोनात वेग मोजून सरासरी काढा. मधोमध एकदाच मोजलं तर वेग जास्त दिसतो, कारण कडेला हवा हळू चालते. आम्हाला सरासरी ४ मीटर प्रति सेकंद मिळाली. डक्ट ३० × ३० सेंटिमीटर, म्हणजे ०.०९ चौरस मीटर. ४ × ०.०९ = ०.३६ घनमीटर प्रति सेकंद.

आता घनमीटरचे किलो करायचे. पुणे-सातारा पट्टा समुद्रसपाटीपासून उंच आहे. तिथे ५०-५५ अंशांच्या हवेचा एक घनमीटर साधारण एक किलो भरतो. कोकणात, समुद्राकाठी, तीच हवा साधारण १.०८ किलो भरते. आमच्यासाठी ०.३६ किलो प्रति सेकंद.

चौथं: तापमान. दोन थर्मामीटर लागतात. एक आत जाणाऱ्या हवेला, एक बाहेर येणाऱ्या हवेला. दोन्ही सावलीत पाहिजेत. थर्मामीटरवर ऊन पडलं तर तो हवेचं नाही, स्वतःचं तापमान सांगतो. गरम बाजूचा थर्मामीटर डक्टच्या वळणाच्या पुढे लावा, म्हणजे काळ्या पत्र्याची धग थेट त्याच्यावर येणार नाही. आमचे आकडे: आत ३२, बाहेर ५३. वाढ २१ अंश.

पाचवं: पंख्याची वीज. ती ४०० वॅट निघाली. टिपून ठेवा, रुपयांच्या हिशोबात लागेल.

आता गणित. हवेचा एक किलो एक अंशाने तापवायला १.००५ किलोज्यूल लागतात.

०.३६ × १.००५ × २१ = ७.६ किलोवॅट उष्णता

ऊन: २० × ०.८५ = १७ किलोवॅट

७.६ ÷ १७ = ४५ टक्के.

कोटेशनमध्ये ७०, छपरावर ४५. आणि हे भर दुपारचं, म्हणजे दिवसातल्या सगळ्यात चांगल्या वेळेचं.

मग ७० कुठून आले? खोटं होतं का?

इथे घाई करू नका. पुरवठादार लबाडच असेल असं नाही. बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं की कार्यक्षमता हा एकच ठरलेला आकडा नसतो.

उन्हाचे १०० भाग धरा. साधी काच त्यातले साधारण १४ अडवते किंवा परत पाठवते. राहिले ८६. काळा रंग त्यातले साधारण ९३ टक्के शोषतो. राहिले ८०. इथपर्यंत तापमानाचा संबंध नाही.

आता गळती सुरू होते. काळा पत्रा बाहेरच्या हवेपेक्षा जितका गरम, तितकी उष्णता काचेतून आणि खालून निसटते. एका काचेच्या साध्या कलेक्टरमध्ये दर अंशाला, दर चौरस मीटरला साधारण ७ वॅट जातात असं धरू. आमच्या छपरात हवा ५३ अंशांपर्यंत जात होती, पण पत्रा त्याहून बराच गरम, सरासरी ७० अंशांच्या आसपास. बाहेर ३२. फरक ३८ अंश. ३८ × ७ = २६६ वॅट गेले. ८५० पैकी २६६ म्हणजे ३१ भाग. ८० मधून ३१ गेले, राहिले ४९. थोडी धूळ, थोड्या फटी, आणि आलात ४५ वर.

हाच पंखा खूप जोरात चालवला तर पत्रा थंड राहतो. पत्रा बाहेरपेक्षा फक्त १२ अंश गरम असेल तर गळती १२ × ७ = ८४ वॅट, म्हणजे १० भाग. ८० − १० = ७०. हे बघा, सापडले ७० टक्के! पण तेव्हा बाहेर येणारी हवा जेमतेम कोमट असते. तिने कांदा नीट वाळणार नाही.

लक्षात आलं? जितकी गरम हवा हवी, तितकी कार्यक्षमता कमी. त्यामुळे ‘कार्यक्षमता किती?’ हा प्रश्नच अर्धा आहे. पूर्ण प्रश्न असा: ‘मला पाहिजे त्या तापमानाला कार्यक्षमता किती?’

ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेत एमआयटी या संस्थेने १९३९ मध्ये प्रयोगासाठी एक घर बांधलं होतं, त्याच्या छतावर कलेक्टर होते. तिथल्याच हॉइट हॉटेल यांनी (हो, आडनावच हॉटेल!) आणि वोअर्ट्झ यांनी १९४२ मध्ये सपाट कलेक्टरच्या कामगिरीचा जो हिशोब मांडला, त्याच्याच पायावर आजही जगभर गणित होतं: आत किती शिरलं, त्यातून किती गळलं.

छतात बांधलेल्या कलेक्टरच्या चार खास गोष्टी

स्टँडवर उभा केलेला तयार कलेक्टर आणि इमारतीचाच भाग झालेला कलेक्टर यांत फरक आहे. तयार कलेक्टर प्रयोगशाळेत पाठवून तपासता येतो. पाण्याच्या सपाट कलेक्टरसाठी आपल्याकडे आयएस १२९३३ हे मानक आहे. पण तुमच्या शेडचं छप्पर उचलून प्रयोगशाळेत नेता येत नाही. ते जागेवर बांधलं जातं, म्हणून जागेवरच मोजावं लागतं. मोजताना हे बघा:

१. दिशा आणि उतार आधीच ठरलेले असतात. इमारत ज्या तोंडाची, कलेक्टर त्या तोंडाचा. महाराष्ट्रात दक्षिणेकडे १७ ते २० अंशांच्या आसपासचा उतार वर्षभरासाठी चांगला. तुमचा मोकळा उतार पूर्व-पश्चिम असेल तर दिवसाचं साडेपाच युनिट ऊन धरू नका, पॅनलने मोजून बघा. शेजारचं झाड, पाण्याची टाकी, पुढच्या वर्षी वाढणारा शेजाऱ्याचा मजला, हेही त्यात आलं.

२. इमारत उष्णता खाते आणि नंतर परत देते. पत्र्याच्या शेडमध्ये हे थोडं, पण स्लॅबवर बांधलेल्या कलेक्टरमध्ये खूप. २० चौरस मीटरचा १० सेंटिमीटर जाड स्लॅब साधारण ४,८०० किलोचा. तो फक्त ५ अंशांनी तापायला सुमारे ६ युनिट उष्णता पितो. म्हणून सकाळी कार्यक्षमता कमी दिसते, आणि ऊन उतरल्यावर स्लॅब ती उष्णता परत देतो तेव्हा खोटी जास्त दिसते. कोणी तुम्हाला संध्याकाळी चार वाजता नेऊन “बघा किती गरम हवा!” दाखवलं, तर चहा घ्या आणि सकाळी परत या.

३. फटी. जागेवर केलेल्या कामात सांधे असतात. पंखा शेवटच्या टोकाला असेल तर फटींतून थंड हवा आत शिरते आणि तापमान पडतं. पंखा सुरुवातीला असेल तर तापवलेली हवा फटींतून बाहेर जाते, म्हणजे थेट नुकसान. उदबत्ती पेटवून सांध्यांजवळून फिरवा. धूर आत ओढला गेला किंवा बाहेर ढकलला गेला की फट सापडली. सिलिकॉनची एक ट्यूब हा कार्यक्षमता वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

४. खालची खोली. स्टँडवरच्या कलेक्टरखाली मोकळं वारं असतं, इथे तुमचं काम करायचं शेड आहे. खालचं इन्सुलेशन कमी असेल तर एप्रिलमध्ये शेड भट्टी होईल. ती उष्णता ड्रायरलाही मिळत नाही आणि आत कांदा चिरणाऱ्या बायकांना त्रास होतो तो वेगळा. थंड प्रदेशात याच गोष्टीचा फायदा होतो. लडाखमध्ये दक्षिणेकडच्या भिंती अशा बांधतात की दिवसभराचं ऊन साठवून त्या रात्री खोली उबदार ठेवतात. तिथे खोलीत गेलेली उष्णता म्हणजे कमाई. तुमच्या ड्रायिंग युनिटमध्ये ती गळती. ‘कामाला आलेली उष्णता’ कोणती, हे काम बघून ठरतं.

चांगली बाजूही सांगतो. छप्पर तसंही घालायचंच होतं, त्यामुळे त्या भागातल्या पत्र्यांचा खर्च वाचतो. वेगळं स्टँड लागत नाही. मागून वारं लागत नाही म्हणून मागची गळती कमी. नवीन शेड बांधताना हा विचार जरूर करा.

एक दुपार पुरत नाही, पूर्ण दिवस मोजा

आम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला नोंद केली. आधी ऊन (वॅट प्रति चौरस मीटर), मग मिळालेली उष्णता (किलोवॅट):

८:३० – ३३० – १.०
९:३० – ५५० – ३.५
१०:३० – ७२० – ५.८
११:३० – ८३० – ७.२
१२:३० – ८५० – ७.६
१:३० – ८०० – ७.२
२:३० – ६८० – ५.९
३:३० – ४९० – ४.०
४:३० – २८० – १.८

दर नोंद एका तासाची धरली, म्हणून नुसती बेरीज करायची. उन्हाची बेरीज ५,५३०, म्हणजे चौरस मीटरला ५.५३ युनिट. २० चौरस मीटरला ११०.६ युनिट. उष्णतेची बेरीज ४४ युनिट.

४४ ÷ ११०.६ = ४० टक्के.

आता साडेआठ आणि साडेचारच्या ओळी बघा. ऊन जवळपास सारखं, उलट सकाळी थोडं जास्तच. पण सकाळी कार्यक्षमता १५ टक्के आणि संध्याकाळी ३२. सकाळी छप्पर स्वतः तापत होतं, संध्याकाळी साठवलेलं परत देत होतं. म्हणून एका वेळेच्या आकड्यावर कधीच विश्वास ठेवू नका. धंद्याच्या हिशोबात दिवसभराचा आकडा घ्यायचा. आमचा आकडा: ४० टक्के.

टक्क्यांवरून किलोंवर

बँकेचा हप्ता टक्क्यांनी फिटत नाही, मालाने फिटतो. म्हणून पुढची पायरी.

कांद्यात साधारण ८५ टक्के पाणी. १०० किलो चिरलेल्या कांद्यात १५ किलो घन पदार्थ. वाळवून ८ टक्के ओलावा ठेवला तर तयार माल १५ ÷ ०.९२ = १६.३ किलो. म्हणजे सुमारे ८४ किलो पाणी उडवायचं.

एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २,४०० किलोज्यूल, म्हणजे ०.६७ युनिट लागतात.

पुरवठादाराचा हिशोब असा असणार: ११०.६ च्या ७० टक्के म्हणजे ७७ युनिट. ७७ ÷ ०.६७ = ११५ किलो पाणी. ८४ किलोच उडवायचंय, मग १०० किलो कांदा आरामात! कागदावर बरोबर.

पण यात दोन चुका आहेत. पहिली, ७० टक्के. दुसरी, ड्रायरमध्ये गेलेली सगळी उष्णता पाणी उडवायला लागते असं धरलंय. प्रत्यक्षात ड्रायरमधून गरम हवा बाहेरही जाते, ट्रे आणि भिंती तापतात, शेवटचं पाणी निघायला वेळ लागतो. साध्या ट्रे ड्रायरमध्ये निम्म्याहून कमीच उष्णता खरी कामाला येते. मी ४५ टक्के धरतो.

खरा हिशोब: ४४ × ०.४५ = १९.८ युनिट. ÷ ०.६७ = साधारण ३० किलो पाणी. म्हणजे ३५ किलो कांदा. तयार माल पावणेसहा किलो.

कोटेशनप्रमाणे रोज १६ किलो माल. हिशोबाप्रमाणे पावणेसहा. ताई दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सर, मी तर सोळा किलोवर हप्ता धरलाय.”

मित्रांनो, याच जागी धंदे बुडतात. मशिन वाईट नसतं, माणूस आळशी नसतो, बाजारही असतो. पण पायाचा आकडा चुकलेला असतो आणि त्यावर कर्जाची इमारत उभी असते.

रुपयांत बघू

समजा हीच उष्णता विजेच्या हीटरने दिली असती आणि युनिट १० रुपयांनी पडलं असतं. ४४ युनिट म्हणजे रोजची ४४० रुपयांची बचत. पंख्याची वीज ०.४ किलोवॅट × ९ तास = ३.६ युनिट, ३६ रुपये वजा. राहिले ४०४. पावसाळा आणि ढगाळ दिवस सोडून वर्षाचे २०० दिवस धरले तर ८०,८०० रुपये. तीन लाख वसूल व्हायला सुमारे पावणेचार वर्षं. यात व्याज, फुटलेली काच आणि रंगकाम धरलेलं नाही.

कोटेशनचा हिशोब लावला असता तर? ७७ युनिट, ३०० दिवस, पंखा शून्य: वर्षाला २,३१,००० रुपये, म्हणजे सव्वा वर्षात वसूल.

आता नीट ऐका. पावणेचार वर्षांत वसूल होणारं आणि नीट जपलं तर पुढेही बरीच वर्षं चालणारं छप्पर हा वाईट सौदा नाही. ४० टक्के कार्यक्षमताही वाईट नाही. वाईट आहे ते ४० च्या मशिनवर ७० चं कर्ज काढणं.

पीएमएफएमई योजनेत छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगाला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. सध्या अर्ज चालू आहेत का, ते जिल्हा कृषी कार्यालयात विचारा. पण अनुदान मिळतंय म्हणून प्रकल्प अहवालात फुगवलेला आकडा टाकू नका. अनुदान एकदा मिळतं, हप्ता दर महिन्याला येतो.

सही करण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

१. तुमची कार्यक्षमता किती तापमानाच्या हवेला, किती हवेच्या प्रवाहाला आणि किती उन्हात मोजलेली आहे?
२. क्षेत्रफळ पूर्ण जागेचं धरलंय की काळ्या पत्र्याचं?
३. आकडा भर दुपारचा आहे की दिवसभराचा?
४. असंच काम कुठे केलंय? तिथे मी एक दिवस मोजमाप करू का?
५. बांधून झाल्यावर माझ्यासमोर चाचणी देणार का?

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. करारात टक्के लिहूच नका. असं लिहा: ‘निरभ्र दिवशी, छपराच्या उतारावर ८०० वॅट किंवा जास्त ऊन असताना, बाहेरच्या हवेपेक्षा किमान २० अंश गरम अशी ताशी इतके किलो हवा मिळाली पाहिजे.’ आमच्या उदाहरणात ०.३६ × ३६०० म्हणजे ताशी साधारण १,३०० किलो. आणि शेवटचे २० टक्के पैसे चाचणीनंतर. चांगल्या कारागिराला याची भीती वाटत नाही. जो चिडतो, त्याचं चिडणं हेच उत्तर समजा.

ताईंनी काय केलं?

दोन रस्ते होते. एक, १०० किलोसाठी छप्पर तिपटीने वाढवायचं आणि कर्जही. दुसरा, धंदा ३५ किलोवरून सुरू करायचा. ताईंनी दुसरा घेतला. बँकेत जाऊन फाईल परत मागितली आणि प्रकल्प अहवाल ३५ किलोवर नव्याने केला. कर्ज कमी घेतलं, गटाच्या बचतीतला थोडा वाटा घातला. हप्ता पावणेसहा किलोवर बसवला. पुरवठादाराशी चाचणीची अट आणि २० टक्के रोखून ठेवण्यावर बरीच घासाघीस झाली, पण शेवटी त्याने लिहून दिलं. आणि गंमत म्हणजे तोच नंतर म्हणाला, “ताई, ते पॅनलने ऊन मोजायचं मलाही शिकवा.”

तुमचा गृहपाठ

या आठवड्यात एक स्वच्छ दिवस निवडा. काळ्या रंगाच्या बादलीत १० लिटर पाणी घ्या, वर काच ठेवा, सकाळी आणि दुपारी तापमान मोजा. बादलीच्या तोंडाचं क्षेत्रफळ आणि त्या वेळातलं ऊन धरून कार्यक्षमता काढा. बादलीच्या बाजूंवरही ऊन पडतं, तेव्हा आकडा थोडा जास्त दिसला तर का, हेही लिहा. दुसऱ्या दिवशी तेच पाणी दुपारनंतरही ठेवून परत मोजा. पाणी जसजसं गरम होईल, तसतशी तापमानाची वाढ मंदावताना दिसेल. एकदा ते डोळ्यांनी बघितलंत की कोणतंही कोटेशन तुम्हाला घाबरवणार नाही आणि भुरळही घालणार नाही.

तुमचे आकडे व्हिडिओच्या खाली कमेंटमध्ये लिहा. बादली की ड्रम, किती लिटर, किती अंश, सगळं लिहा. निवडक हिशोब पुढच्या व्हिडिओत सोडवून दाखवतो. पुढचा विषय आहे ड्रायरमधल्या ट्रेंची मांडणी, म्हणजे मी धरलेले ४५ टक्के आणखी कसे वाढवता येतील.

तोपर्यंत, आकडा कोणीही सांगू दे, मोजायचं आपणच.